राजा हाती लागला, राज्य लागलं नाही

शेख निजाम हा मूळचा गोवळकोंड्याचा सरदार. कुतुबशाही बुडायला आली तेव्हा तो औरंगजेबाला मिळाला, मुकर्रबखान झाला आणि १६८८ च्या अखेरीस पन्हाळ्याच्या मोहिमेसाठी कोल्हापूर भागात तळ देऊन बसला. तिथे हेरांनी त्याला बातमी आणली की संभाजी महाराज खेळण्यावरून, म्हणजे विशाळगडावरून, संगमेश्वरी उतरले आहेत आणि त्यांच्यासोबत मोठी फौज नाही. खानाने पन्हाळा बाजूला ठेवला. निवडक स्वार आणि पायदळ घेऊन तो दाट रानातल्या अवघड वाटांनी सह्याद्री उतरला आणि बातमी फुटण्याआधी संगमेश्वरात शिरला. १ फेब्रुवारी १६८९, माघ वद्य सप्तमी. म्हाळोजी घोरपडे लढताना पडले, कवी कलशांना बाण लागला आणि छत्रपती कैद झाले.

लष्करी कसब म्हणून या छाप्यात खोट काढता येत नाही. नेमकी बातमी, मोजकी माणसं, अनपेक्षित वाट, वेग आणि गुप्तता हे सगळं त्यात होतं. खानाला खानजमान हा किताब मिळाला. पाच आठवड्यांनी, ११ मार्चला, भीमेकाठी महाराजांना हाल करून मारण्यात आलं. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला रायगड पडला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या छावणीत गेले. विजापूर १६८६ मध्ये बुडालं होतं, गोवळकोंडा १६८७ मध्ये. आता मराठ्यांचा राजा मारला होता, राजधानी घेतली होती, वारस ताब्यात होता. बादशहाच्या हिशेबाने दख्खनची मोहीम इथे संपायला हवी होती.

ती आणखी अठरा वर्षं चालली. १७०७ मध्ये अहमदनगरजवळच्या छावणीत औरंगजेब वारला, तेव्हाही ती संपलेली नव्हती.

जगभरच्या लष्करी अभ्यासकांत गेली वीसेक वर्षं जो वाद चालू आहे, तो समजून घ्यायला मराठी वाचकाला काबूल किंवा बगदादपासून सुरुवात करायची गरज नाही. शास्त्री आणि सोनवी नद्यांच्या संगमावरचं हे गाव पुरेसं आहे. वाद असा: बंड मोडण्यासाठी सैन्य जे काही करतं, म्हणजे म्होरके टिपणं, गावं राखणं, रस्ते बांधणं, फितवणं, शरण आलेल्यांना सामावून घेणं, या सगळ्याला मिळून रणनीती म्हणायचं का? की ती नुसती मोहीम चालवण्याची एक पद्धत आहे, जी चांगल्या किंवा वाईट, स्पष्ट किंवा धूसर अशा कुठल्याही उद्दिष्टासाठी वापरता येते? या प्रस्तावनेची भूमिका दुसऱ्या बाजूची आहे. पण पहिल्या बाजूकडे वजनदार पुरावे आहेत आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

आधी एक गोष्ट स्वच्छ करायला हवी. मराठ्यांच्या दृष्टीने १६८९ चं युद्ध बंड नव्हतंच. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला होता. अष्टप्रधान होते, नाणं होतं, महसुलाची घडी होती. ते एक राज्य होतं आणि त्याच्यावर चाल करून आलेल्या बादशाहीशी ते लढत होतं. औरंगजेबाच्या दरबाराने मात्र ते शेवटपर्यंत माजलेल्या जमीनदारांचं प्रकरण मानलं. हा दरबारी अहंकार होताच, पण युद्धाची सगळी आखणीही त्यातून ठरली. समोर जमीनदार आहे असं मानलं की त्याला मारलं, गढी घेतली, पोराला मनसब दिली, म्हणजे काम झालं. समोर राज्य आहे असं मानलं असतं, तर ते कशावर उभं आहे आणि त्याच्याशी कशा प्रकारचा तह टिकेल, हे प्रश्न पहिल्या दिवशी विचारावे लागले असते.

राज्य कशावर उभं होतं ते रायगड पडण्याआधीच दिसलं होतं. फेब्रुवारी १६८९ मध्येच राजाराम महाराजांचं मंचकारोहण झालं. एप्रिलमध्ये ते रायगडावरून निसटले, प्रतापगड आणि पन्हाळ्यामार्गे थेट तामिळ मुलखात जिंजीला गेले. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांना हुकुमतपनाह म्हणून जवळजवळ राजाचे अधिकार मिळाले. शंकराजी नारायण आणि परशुराम त्र्यंबक यांनी किल्ले आणि मुलूख सांभाळला. संगमेश्वरात पडलेल्या म्हाळोजींचा मुलगा संताजी आणि धनाजी जाधव यांनी फौजा फिरत्या ठेवल्या. सर्वोच्च सत्ता एका जागी बसून राहिली नाही, म्हणून ती एका छाप्यात संपवता आली नाही. झुल्फिकारखान १६९० पासून जिंजीला वेढा घालून बसला तो १६९८ पर्यंत, आणि किल्ला पडला तेव्हा राजाराम महाराज आत नव्हतेच. ते विशाळगडावर पोचले होते, संगमेश्वराच्या डोक्यावरच्या त्याच डोंगरात.

मधल्या काळात संताजींनी काय केलं हे मराठी वाचकाला बऱ्यापैकी माहीत असतं, तरी लष्करी अंगाने ते पुन्हा पाहण्यासारखं आहे. १६९० मध्ये साताऱ्याजवळ रुस्तुमखान कैद झाला. १६९२ मध्ये कांचीपुरमजवळ अलीमर्दानखान पकडला गेला. १६९५ च्या अखेरीस दोड्डेरीला कासिमखानाची फौज उपासमारीने शरण आली आणि खान तिथेच मेला. दोन महिन्यांच्या आत हिंमतखान पडला. या लढायांत मोठे मोगल सरदार पकडायचे, खंडणी घ्यायची आणि सोडून द्यायचं, असा क्रम दिसतो. मोगल लष्कराचा पैसा, घोडे आणि मुख्य म्हणजे सरदारांची हिंमत हळूहळू झिरपून गेली. बादशाही ठाणेदार आपापल्या भागात शांतता राहावी म्हणून मराठ्यांना चौथाई देऊ लागले. भीमसेन सक्सेना हा मोगलांच्या चाकरीतला लेखक या अवस्थेचं चित्र काढतो, ते वाचताना जाणवतं की खालच्या माणसाला युद्धाचा निकाल वरच्याच्या किती तरी आधी कळलेला होता.

औरंगजेबाने काही एकच उपाय धरून ठेवला होता असं नाही. उलट आजच्या बंडविरोधी पुस्तिकांत असतात ते जवळजवळ सगळे उपाय त्याने केले. म्होरक्या टिपला. किल्ले वेढले. किल्लेदारांना पैसे चारले. देशमुखांना आणि सरदारांना मनसबी वाटल्या. इतिहासकार अतहर अली यांनी एक हजार आणि त्यावरच्या मनसबदारांची मोजणी केली, तिच्यानुसार १६५८ ते १६७८ या काळात ४८६ पैकी २७ मराठे होते. १६७९ ते १७०७ मध्ये ५७५ पैकी ९६. म्हणजे सामावून घेण्याचं काम जोरात चालू होतं. पण मनसबीपोटी द्यायच्या जहागिरी कुठून आणायच्या? ज्या मुलखातून महसूल यायचा तोच मुलूख युद्धाने उजाड होत होता. आणि राजाराम महाराजांकडूनही वतनं आणि सरंजाम मिळत होते. म्हसवडच्या नागोजी मान्यांसारखे सरदार या बाजूचे त्या बाजूला आणि पुन्हा इकडे येत राहिले. फितवण्याची पद्धत कामाला येत होती, फक्त ती कुठेही पोचत नव्हती, कारण फितलेल्या माणसाला टिकेल अशी जागा त्या व्यवस्थेत नव्हती.

मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. वारस पुन्हा लहान मूल. औरंगजेबाला पुन्हा वाटलं की आता शेवट आला. त्या वेळी तो ऐंशीच्या पुढे होता आणि स्वतः किल्ल्यामागून किल्ला घेत फिरत होता: वसंतगड, सातारा, परळी, पन्हाळा, मग विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. ताराबाईंनी राज्य हाती घेतलं आणि युद्ध मोगलांच्या मुलखात, माळवा-गुजरातेकडे ढकललं.

यातली विशाळगडाची मोहीम या पुस्तकाच्या वाचकाने नीट पाहावी, कारण संगमेश्वरच्या छाप्याची ती उलटी बाजू आहे. डिसेंबर १७०१ मध्ये बादशहा स्वतः गडाकडे निघाला. मुकर्रबखान जिथून गुपचूप सरकला होता त्याच सह्याद्रीच्या रांगेत आता तोफा, हत्ती, बाजार, जनाना आणि दफ्तरं घेऊन एक चालतं शहर शिरलं. आंबा घाटाची वाट करण्यासाठी फतेउल्लाखानाने बेलदार लावून खडक फोडले, झाडं तोडली. पाच-सहा महिने वेढा चालला. शेवटी जून १७०२ मध्ये परशुरामपंतांनी दोन लाख रुपये घेऊन गड खाली केला आणि शिबंदी सुखरूप बाहेर काढली. बादशहाने गडाला सख्खरलना असं नवं नाव दिलं.

आणि मग पाऊस आला. कोकणच्या कडेचा जूनमधला पाऊस काय असतो हे साखरप्याला किंवा आंब्याला राहणाऱ्या माणसाला सांगायला नको. ओढ्यांना पूर, वाटेवर चिखल, उंट आणि बैल मरून पडलेले, धान्य सोन्याच्या भावाने. पन्हाळ्याकडे परतायला सुमारे तीस मैलांच्या अंतराला अडतीस दिवस लागले, असं जदुनाथ सरकार लिहितात. या दख्खनच्या युद्धात वर्षाला लाखभर माणसं आणि तीन लाख जनावरं मरत असल्याचा अंदाज मनुची या इटालियन प्रवाशाने नोंदवला आहे. आकडा अतिशयोक्त धरला तरी त्यामागचा थकवा खरा आहे. आणि एवढं करून मिळवलेले किल्ले पुढच्या काही वर्षांत मराठ्यांनी एकेक करून परत घेतले. घेण्याची पद्धत होती; घेतलेलं राखायचं कुणी, कुणाच्या संमतीने आणि कशासाठी, याचा विचारच झालेला नव्हता.

रामचंद्रपंतांनी पुढे लिहिलेल्या आज्ञापत्रात किल्ल्यांना राज्याचं सार मानलं आहे. औरंगजेबालाही किल्ल्यांचं महत्त्व तितकंच कळलं होतं. पण पंतांना किल्ल्याभोवतीचा मुलूख, वतनदार, रयत आणि गड यांचं एकमेकांशी असलेलं नातं दिसत होतं. बादशहाला तट दिसत होता.

एक पत्ता मात्र सगळा वेळ बादशहाच्या हातात होता. शाहूंना त्याने सात हजारी मनसब आणि राजा हा किताब देऊन छावणीत वाढवलं. १७०३ च्या सुमारास शहाजादा कामबक्षमार्फत त्यांच्या सुटकेची बोलणीही झाली, पण फिसकटली. औरंगजेब गेल्यावर त्याचा मुलगा आझमशहा याने मे १७०७ मध्ये शाहूंना सोडलं आणि ऑक्टोबरात खेडच्या लढाईत मराठेच मराठ्यांशी लढले. अठरा वर्षांच्या वेढ्यांनी मराठ्यांत जी फूट पडली नव्हती, ती एका राजकीय निर्णयाने पडली. आझमशहाने तो निर्णय घाईत घेतला, त्याचा फायदा घ्यायला तो स्वतः जगलाही नाही. पण रणनीती म्हणजे काय याचं उदाहरण शोधायचं झालं तर ते आंबा घाटात फोडलेल्या खडकांपेक्षा शाहूंच्या सुटकेत जास्त सापडतं.

हेच शंभर-सव्वाशे वर्षांनी इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला नीट उमगलं होतं. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी सातारा घेतल्यावर त्याने जाहीरनामा काढला: लढाई पेशवा बाजीरावाशी आहे, छत्रपतींसाठी वेगळं राज्य राखलं जाईल, वतनं, इनामं आणि देवस्थानांच्या नेमणुका चालू राहतील. २० फेब्रुवारीला आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले; एप्रिलमध्ये त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवण्यात आलं. बाजीरावाची फौज विरघळत गेली आणि जूनमध्ये तो आठ लाखांच्या तनख्यावर शरण आला. परकी सत्तेने देश घेतला, त्यात कौतुक करण्याजोगं काही नाही, आणि तीस वर्षांनी हेच सातारा त्यांनी खालसाही केलं. पण काय साधायचं आहे, त्यासाठी कुणाला काय ठेवू द्यायचं आहे, हे युद्ध संपण्याआधीच ठरलेलं होतं. औरंगजेबाची अठरा वर्षं आणि एल्फिन्स्टनचे आठ महिने यांत हाच फरक आहे, असं म्हणण्याचा मोह होतो. शस्त्रं, काळ आणि समोरच्या राज्याची अवस्था वेगळी होती हे मान्य करूनही तो मोह पुरता आवरत नाही.

त्या जाहीरनाम्याची हद्दही तितकीच बोलकी आहे. वतनदारांना आणि इनामदारांना शब्द मिळाला. गडांची राखण करणाऱ्या रामोश्यांना मिळाला नाही. किल्ले ओस पडले, त्यांचे हक्क गेले, आणि पुरंदरच्या मुलखात उमाजी नाईक उभे राहिले. इनाम, पहारे, पाठलाग असं सगळं झालं आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी दिलं गेलं. खानदेशात भिल्लांविरुद्ध नुसत्या दंडुक्याची सात वर्षं फुकट गेल्यावर १८२५ मध्ये वेगळा मार्ग धरला गेला: भिल्ल एजन्सी, जमिनी, तगाई, जुन्या गुन्ह्यांना माफी आणि धरणगावला जेम्स आउट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण. ज्यांच्याविरुद्ध लढायचं त्यांच्यातूनच शिपाई घ्यायचे, हा प्रयोग इथे मराठी मुलखात झाला, फ्रेंचांनी किंवा अमेरिकनांनी त्यावर पुस्तकं लिहिण्याच्या किती तरी आधी.

आता त्या पुस्तकांकडे. डेव्हिड गॅल्युला हा फ्रेंच अधिकारी १९५६ ते १९५८ या काळात अल्जीरियातल्या काबिली डोंगरांत एका कंपनीचा प्रमुख होता. १९६४ मध्ये त्याने लिहिलेलं छोटं पुस्तक आज या विषयाचं मूळ मानलं जातं. लोक हे मैदान, त्यांचं संरक्षण हे काम, आणि एकूण कामात राजकारण मोठं व लष्कर लहान, असा त्याचा मांडणीचा गाभा. २००६ च्या डिसेंबरात अमेरिकी लष्कर आणि मरीन कोअरने पेट्रेयस आणि मॅटिस यांच्या देखरेखीखाली जी पुस्तिका काढली, तिच्यावर गॅल्युलाची दाट सावली आहे. जॉन नागल यांच्यासारख्या समर्थकांचं म्हणणं असं की अशा युद्धात पद्धत आणि उद्दिष्ट यांना वेगळं काढताच येत नाही. सैनिक गावात राहतो, तंटे सोडवतो, बाजार उघडा ठेवतो. हे करता करताच राज्यसंस्थेवरचा विश्वास तयार होतो आणि तो विश्वास हाच विजय.

कर्नल जियान जेंटिली यांनी २००९ मध्ये अमेरिकी लष्कराच्याच नियतकालिकात याला कडाडून विरोध केला. डावपेचांच्या संचालाच रणनीतीचं नाव दिलं गेलं आहे आणि त्यामुळे हे युद्ध करायचं की नाही, किती किमतीला, हे प्रश्न विचारायचंच थांबलं आहे, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ओबामांनी अफगाणिस्तानात आणखी तीस हजार सैनिक पाठवायची घोषणा केली आणि त्याच भाषणात जुलै २०११ पासून माघारीला सुरुवात होईल असंही सांगितलं. गावं राखायची पद्धत पिढीभराचा वेळ मागत होती. रणनीती दीड वर्षाची मुदत देत होती. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं.

मलायाचं उदाहरण दोन्ही बाजू आपलं म्हणून सांगतात. १९५० च्या ब्रिग्ज योजनेत पाच लाखांच्या आसपास लोक, मुख्यतः चिनी वंशाचे, नव्या कुंपणबंद गावांत हलवले गेले. ब्रिटिश सेनानी टेम्पलर यांच्या काळात बंड ओसरलं. पद्धतीचे पुरस्कर्ते या गावांकडे बोट दाखवतात. पण १९५७ मध्ये ब्रिटिशांनी मलायाला स्वातंत्र्य दिलं, तेव्हा बंडखोरांच्या हातातलं मुख्य कारणच गेलं. अल्जीरियात उलट झालं. १९५७ मध्ये अल्जियर्स शहर आणि १९५९ नंतर डोंगराळ मुलूख फ्रेंच सैन्याने बऱ्यापैकी ताब्यात आणला. गॅल्युलाचा स्वतःचा भागही शांत झाला. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला, कारण तिथल्या बहुसंख्य लोकांना देण्याजोगं फ्रान्सकडे दुसरं काही नव्हतं.

रणनीती म्हणजे सौम्यपणा, असाही समज इथे होऊ नये. २००९ च्या मे महिन्यात श्रीलंकेने तमिळ वाघांचा जो समूळ नाश केला, त्यामागे उद्दिष्ट स्पष्ट होतं, त्यासाठी किती किंमत द्यायची तेही ठरलेलं होतं, आणि ती किंमत हजारो सामान्य तमिळांनी दिली. ती रणनीती होती. ती न्याय्य होती असं त्यावरून ठरत नाही. अभ्यासकाने हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळू नयेत आणि नागरिकाने दुसरा प्रश्न सोडून देऊ नये.

भारतीय अनुभवात मिझोरमइतकं ठळक उदाहरण नाही. १९५९ च्या बांबूफुलोऱ्याच्या दुष्काळाकडे झालेलं दुर्लक्ष, १९६६ चं बंड, ५ मार्च १९६६ ला ऐजॉलवर आपल्याच हवाई दलाने केलेला मारा, पुढच्या वर्षीपासून गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेला एकत्र वसवणं. पद्धत म्हणून हे मलायाचंच रूप. त्याने बंड दबलं, मिटलं नाही. ३० जून १९८६ च्या करारानंतर मिझोरम राज्य झालं आणि बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले, तेव्हा ते मिटलं. वीस वर्षं लष्कराने वेळ मिळवून दिला. तो वेळ कशासाठी वापरायचा हे दिल्लीत ठरलं.

महाराष्ट्रासाठी हा विषय गडचिरोलीत आजही चालू आहे. १९८० मध्ये पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाची दलं प्राणहिता ओलांडून आली. पेद्दी शंकर हा त्यांचा तरुण नेता त्याच वर्षी नोव्हेंबरात सिरोंचा भागात पोलिसांच्या गोळीने मेला. पण दलं टिकली, कारण तेंदूपानाची मजुरी, वनरक्षकांची वसुली आणि जंगलावरचा हक्क हे प्रश्न खरे होते. १९९० मध्ये पोलिसांचं सी-६० पथक उभं राहिलं. पहिल्या तुकडीत साठ जवान, याच जिल्ह्यातली मुलं, माडिया आणि गोंडी बोलणारी, जंगल पायाखालचं असलेली. धरणगावच्या भिल्ल पलटणीशी त्याचं नातं लावणं काहींना आवडणार नाही, कारण एक परकी राजवट होती आणि दुसरं लोकशाही राज्य. पण पद्धत म्हणून दोन्हींचं कुळ एकच आहे.

२००९ हे वर्ष या जिल्ह्यासाठी भयानक होतं. माओवाद्यांनी १ फेब्रुवारीला मरकेगावला १५ पोलीस मारले, २१ मे रोजी हत्तीगोट्याला १६, ८ ऑक्टोबरला लाहेरीला १७. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात आणि मरकेगाव-हत्तीगोटा ज्या धानोरा तालुक्यात आहेत त्याच तालुक्यात, मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. सशस्त्र क्रांतीचा रस्ता न धरता, वर्षानुवर्षं ग्रामसभा चालवून, अभ्यासगट चालवून या गावाने हे मिळवलं होतं. गडचिरोलीच्या लष्करी इतिहासात मेंढ्याचं नाव सहसा येत नाही. ते यायला हवं, आणि पहिल्या प्रकरणात यायला हवं.

त्यानंतर पारडं फिरलं. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूरजवळ इंद्रावतीकाठी आणि लगेच झालेल्या दुसऱ्या चकमकीत मिळून चाळीस माओवादी मारले गेले. मे २०१९ मध्ये जांभुळखेड्याच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याला माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडेसह सव्वीसजण पडले. १ जानेवारी २०२५ ला माओवादी नेत्या तारक्का मुख्यमंत्र्यांसमोर शरण आल्या. ऑक्टोबरात त्यांचा पती, माओवाद्यांच्या सर्वोच्च समितीतला भूपती, साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवून बाहेर आला. शेजारच्या छत्तीसगडने २००५ मध्ये सलवा जुडूम उभारून गावांना गावांवर सोडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ ला त्याला बेकायदा ठरवलं. महाराष्ट्राने तो रस्ता धरला नाही. प्रशिक्षित, वर्दीतलं, कायद्याला उत्तरदायी पथक आणि सोबत आत्मसमर्पणाची योजना, हा पर्याय जास्त संयमी होता आणि जास्त परिणामकारकही ठरला. पद्धतीला कमी लेखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चुकीची पद्धत एखादी शहाणी रणनीतीही बुडवू शकते.

पण बंदुका खाली ठेवल्या गेल्यावर जे उरतं, त्याचं काय करायचं हे कुठल्याही पथकाच्या प्रशिक्षणात नसतं. एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. डिसेंबर २०१६ मध्ये तिथे सत्तरहून जास्त वाहनं जाळली गेली. आज तिथे खाण जोरात चालते, रोजगार देते, आणि ठाकूरदेवाच्या त्या डोंगरावर हक्क सांगणाऱ्या ग्रामसभांचा विरोधही आहे. हिंसा कमी झाल्याचा उपयोग ग्रामसभेचं म्हणणं ऐकण्यासाठी होणार की ट्रक वाढवण्यासाठी, हा निर्णय पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतला नाही. तो मुंबई आणि दिल्लीचा आहे, आणि काही अंशी मतदारांचा.

पुढच्या प्रकरणांत वाचकाला नकाशे, वेढे, पथकं आणि करार भेटतील. प्रत्येक ठिकाणी दोन वेगळ्या वह्या ठेवाव्यात असं सुचवावंसं वाटतं: एका वहीत सैन्याने काय केलं, दुसरीत राज्यकर्त्यांनी काय द्यायचं कबूल केलं आणि ते दिलं का. संगमेश्वरला संभाजी महाराजांचं भव्य स्मारक होणार असल्याची घोषणा राज्याच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. तिथे येणाऱ्यांना छाप्याचा दिवस सांगितला जाईलच. १६८९ नंतरची अठरा वर्षंही तिथे तितक्याच जागेत मांडली जावीत, कारण महाराजांच्या मृत्यूनंतर राज्य कसं तगलं हे त्याशिवाय कळणार नाही.

आणि गडचिरोलीच्या पोलीस ठाण्यांत 'दादालोरा खिडकी' नावाची सोय आहे. दुर्गम गावांतल्या लोकांना सरकारी योजनांचे अर्ज, दाखले, आधार कार्डं तिथे मिळतात. माणसं मैलोन् मैल चालत येतात आणि त्यांचं काम होतं, हे चांगलंच आहे. पोलिसांनी हे केलं, कारण महसूल, आदिवासी विकास आणि आरोग्य या खात्यांचे लोक चाळीस वर्षं त्या गावांपर्यंत नीट पोचले नाहीत. आता रस्ते झाले आहेत, पूल झाले आहेत, भीती कमी झाली आहे. ही खिडकी पोलीस ठाण्यातून तलाठ्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोणत्या वर्षी न्यायची, त्यासाठी भामरागड आणि एटापल्लीत किती पदं भरायची आणि त्यांना तिथे राहायला घरं कधी बांधायची, हे ठरवण्याचं काम आता सरकारसमोर आहे.